चौथा रकाना

रजिस्टरात रकाने तीन:
वेळ, पातळी, विसर्ग.
चौथा मी पेन्सिलीनं आखला होता
शेवटच्या पानावर, साहेबांना दिसू नये असा.

दारणेच्या दारांपाशी एकतीस वर्षं काढली.
ग्रीस, साखळ्या, गंज, पाकोळ्यांची घरटी.
आदेश यायचा वायरलेसवर, घोगरा:
"बेंडकुळे, तीन नंबर आणि पाच. अर्धा फूट."
अर्धा फूट म्हणजे वीतभरसुद्धा नाही.
पण तेवढ्या फटीतून जे निघायचं
त्याचा आवाज आधी फासळ्यांत यायचा,
कानांत नंतर.

मग भोंगा, तीनदा.
मग चौकीतून चांदोरीला फोन.
फोनला पळभर लागतो, पाण्याला रात्र.
त्या मधल्या रात्रीत माझी बहीण राहते.

"द्रुपदा, बारा हजार."
"म्हणजे किती रे?"
क्युसेक तिला कधी समजला नाही.
खरं तर मलाही तो तिच्याकडूनच समजला.
सकाळी सांगायची:
बारा म्हणजे धुण्याचा दगड गेला.
वीस म्हणजे म्हसोबाचा शेंदूर भिजला.
एकोणतीस म्हणजे उंबरा.
त्याच्या वर, पिठाचा डबा माळ्यावर,
शेळी शाळेत,
आणि "फोन ठेव आता, मला हात मोकळे पाहिजेत."

एक साल असं होतं, आकडा सांगत नाही,
घाटमाथ्यावर दोन दिवस ढग हलले नाहीत.
भिंतीमागे पाणी गप्प,
रागावलेलं माणूस जेवताना असतं तसं.
रात्री नऊला आदेश: सगळी दारं.
मी विचारलं, "सगळी?"
"धरण राहिलं पाहिजे, बेंडकुळे," पिंगळेसाहेब म्हणाले,
आणि तेही बराच वेळ लाइनवरच राहिले.
बटण दाबायला बोटाला जोर लागत नाही.
हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

द्रुपदानं आकडा ऐकला. थांबली.
"बल्ब चालू आहे बघ अजून. तुझ्याच पाण्यावर ना?"
मी म्हटलं, तारा पुढे मिसळतात सगळ्या,
कुठली वीज कुणाची, सांगता येत नाही.
"असू दे. दिसतंय तोवर आवरते."
बल्ब दोनला गेला.
पाणी पाचला आलं.

ओसरल्यावर तिनं भिंतीवर गेरूची रेघ ओढली,
देवळीच्या वर चार बोटं.
शेजारी तारीख लिहिली.
माझं नाव लिहिलं नाही.
भाऊबीजेला मला त्या रेघेखालीच पाट मांडला.
म्हणाली, दुसरीकडे अजून ओल आहे.

एप्रिलात मात्र फोन तिचा.
"भाऊ, सोडलंय म्हणतात?"
सोडलं होतं. आवर्तन.
खालच्या बंधाऱ्यासाठी, कालव्यांसाठी, लांबच्या उसासाठी.
नदी तिच्या दारावरून भरून चाललेली
आणि काठच्या मोटारींची वीज तेवढे दिवस तोडलेली.
मेथीचा वाफा माना टाकून.
"घागर भरली तर चोरी का रे?"
घागरीला नाही, म्हटलं. वाफ्याला आहे.
ती हसली की खोकली, कळलं नाही.
"पावसाळ्यात न बोलावता चुलीपर्यंत येतं,
आता बोलावते तर म्हणे परवानगी काढ."
मी आकडा सांगितला नाही.
तिनं विचारलाही नाही.

निवृत्तीच्या दिवशी रजिस्टर सोपवलं.
नव्या पोराला त्याची गरज नव्हती,
पातळी आता आपोआप नाशिकला जाते,
त्याच्या फोनवर निळी रेघ चढते, उतरते.
तरी त्यानं पानं चाळली. शेवटी थबकला.
"काका, हे काय? 'शेळी शाळेत'?"
म्हटलं, माप आहे. खोडू नकोस.

शेवटची एसटी हॉर्न देत होती.
घोटीपर्यंत आलो तेव्हा आठवलं,
त्याला बहीण आहे का,
आणि कुठल्या गावी दिली,
विचारायचं राहून गेलं.